रणगाड्यातला सेनापती

नाशिक रोडला राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नाही. देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात, घरी आलेला पाहुणा दचकतो आणि यजमान मात्र हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवत नाही. तोफखाना विद्यालय देवळालीला, तोफखाना केंद्र नाशिक रोड कॅम्पात. तेव्हा तोफ ही आमची शेजारीणच. रणगाड्याचे माहेर इथून शिर्डी, राहुरी करीत गेले की लागते, अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला. चिलखती दलाचे केंद्र तिथे आहे. या दोन्ही अवजड शस्त्रांशी ज्याचे आयुष्य बांधले गेले असा एक मराठी माणूस होऊन गेला : जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य. त्यांचे नाव निघाले की लोकांना आधी आठवतो तो त्यांचा मृत्यू. ते स्वाभाविकही आहे. पण जुन्या रणगाड्यात बसून नव्याशी झुंजलेला हा अधिकारी पुढे ज्या खुर्चीवर बसला, तिथे देशाने कोणते रणगाडे आणि कोणत्या तोफा घ्याव्यात याचा खल चालतो. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती मला सांगायची आहे.

वैद्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ चा, अलिबागचा. आंग्र्यांच्या गावचा हा मुलगा आरमारात न जाता जमिनीवरच्या पोलादी गाड्यांकडे वळला. १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना चिलखती दलात कमिशन मिळाले. पुढची वीस वर्षे एका मेहनती अधिकाऱ्याची असावीत तशी गेली. वर्तमानपत्रांना त्यांचे नाव कळले ते १९६५ च्या सप्टेंबरात.

त्या वेळी लेफ्टनंट कर्नल वैद्य डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते. रेजिमेंटकडे रणगाडे होते शर्मन. हा अमेरिकन रणगाडा महायुद्धातला, तिसेक टनांचा. समोर पाकिस्तानकडे होता पॅटन, तोही अमेरिकनच, पण पुढच्या पिढीतला : पंचेचाळीस टनांच्या घरातला, जाड चिलखताचा, ९० मिलिमीटर तोफेचा. आपल्या काही शर्मनवर मूळच्यापेक्षा जोरदार तोफ बसवून घेतली होती. आज ज्याला लष्करी भाषेत आधुनिकीकरण म्हणतात ते हेच. जुन्या घराला नवे छप्पर घालण्यातला हा प्रकार. छप्पर नवे झाले तरी भिंती जुन्याच राहतात, हे शर्मनमध्ये बसणाऱ्या पोरांना चांगले ठाऊक असणार.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात हे दोन्ही रणगाडे पाहता येतात. १९९४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय मुलांना दाखवावे असे आहे. शर्मन पाहून मग पॅटनजवळ जावे. त्याच्या उतरत्या, गुळगुळीत पोलादावर मी हात ठेवला, तेव्हा हे धूड समोरून येत असताना शर्मनच्या बुरुजात बसून नेम धरायचा म्हणजे काय, या विचाराने पोटात गोळा आला.

पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव आहे. तिथे ८ ते १० सप्टेंबरला पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा हल्ला थोपवण्यात आला. आपल्या फौजांनी घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे लावले, कालव्याचे पाणी शेतांत सोडले आणि उभ्या उसात रणगाडे दडवले. ऊस म्हणजे काय हे आपल्या निफाड-कोपरगावच्या माणसाला सांगायला नको. पुरुषभर उंचीच्या उसात बैलगाडी दिसत नाही, तसा रणगाडाही दिसत नाही. पॅटन चिखलात रुतले, वळायला गेले आणि वळताना त्यांनी आपली कूस दाखवली. समोरचे चिलखत शर्मनला भेदणे कठीण होते, बाजूचे तितके नव्हते. थांबायचे, जवळ येऊ द्यायचे आणि मग मारायचे, असे ते धीराचे युद्ध होते. ही कामगिरी एकट्या वैद्यांची नव्हे. थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपत वीरमरण आलेला अब्दुल हमीद होता. पण आपल्या पोलादाची उणीव माहीत असूनही चीमा आणि असल उत्तरच्या परिसरात तुकडीतून तुकडीत फिरत जवानांना उभे ठेवण्याचे काम वैद्यांनी केले. त्यांना महावीरचक्र मिळाले. भारताच्या हिशेबाप्रमाणे शत्रूचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. भिकीविंडजवळ ते रांगेने उभे केले गेले तेव्हा त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले.

या युद्धाने आणखी एक गोष्ट शिकवली. लढाई पेटताच अमेरिकेने शस्त्रांचा पुरवठा थांबवला आणि पॅटनच्या मालकांना सुट्या भागांची चणचण भासू लागली. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्याच्या हाती लगाम राहतो. ट्रॅक्टर घेताना आपला शेतकरीसुद्धा आधी विचारतो, स्पेअर पार्ट सिन्नरला मिळतील का? राष्ट्रांना हा प्रश्न शेकडो कोटी मोजताना पडतो, एवढाच फरक.

१९७१ मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते. १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेड घेऊन ते शकरगढ विभागात उतरले. आता हाताखाली ब्रिटिश सेंच्युरियन होते, म्हणजे यंत्राची बाजू सुधारली होती. पण अडथळा वेगळाच निघाला. चक्रा, देहलरा आणि पुढे बसंतर नदी, सगळीकडे जमिनीत सुरुंगांचे दाट पट्टे. सुरुंगापुढे चांगला रणगाडाही हतबल असतो. साखळी तुटली की ते लाखमोलाचे यंत्र म्हणजे एक स्थिर निशाण. अशा पट्ट्यांतून वाट काढताना ब्रिगेडियर स्वतः पुढे राहिले. बसंतरवर तर सुरुंग पूर्ण काढून होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सचे रणगाडे पार झाले. एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला तिथेच पडला आणि मरणोत्तर परमवीरचक्राचा मानकरी ठरला. वैद्यांना महावीरचक्र दुसऱ्यांदा मिळाले. हा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

१९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. जनरल गोपाळ बेवूरांनंतर त्या पदावर आलेले हे दुसरे मराठी नाव. नेमणूक निर्विवाद नव्हती. ज्येष्ठ असलेल्या लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांना डावलल्याची चर्चा झाली आणि सिन्हांनी राजीनामा दिला. वैद्यांपुढे पसारा मोठा होता. रशियन टी-७२ रणगाडे येऊ लागले होते आणि ते पुढे तामिळनाडूत आवडीच्या कारखान्यात बांधायचे होते. १९७४ मध्ये मंजूर झालेला देशी रणगाडा ‘अर्जुन’ अजून चाचण्यांच्या वाटेवर होता. तो सैन्याच्या हाती पडायला २००४ साल उजाडले. आणि सगळ्यांत निकडीची होती ती मोठी तोफ.

मध्ये जून १९८४ आला. सुवर्णमंदिरात सैन्य शिरले तेव्हा लष्करप्रमुख वैद्य होते. परिसरात विजयंता रणगाडे नेले गेले आणि अकाल तख्ताची फार हानी झाली. शीख समाजाच्या मनावरची ती जखम आजही बोलताना जाणवते. परकी रणगाड्यांपुढे उभे राहण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याच्या कारकीर्दीत आपला रणगाडा आपल्याच देशातल्या पवित्र स्थळी तोफ डागतो, यापेक्षा कठीण प्रसंग सैनिकावर कोणता येणार? हुकूम सरकारचा होता, जबाबदारी त्यांनी टाळली नाही.

आता त्या तोफेविषयी. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा शोध सत्तरच्या दशकापासून चालू होता. अखेरच्या यादीत चार नावे उरली : स्वीडनची बोफोर्स, फ्रान्सची सोफ्मा, ब्रिटन आणि ऑस्ट्रिया यांची एकेक. अशी खरेदी दुकानातल्या खरेदीसारखी नसते. आधी गरजा लिहून काढायच्या, मग वाळवंटात आणि डोंगरात चाचण्या घ्यायच्या, पल्ला मोजायचा, दारूगोळा तपासायचा, शेवटी भाव. वैद्यांच्या काळात, म्हणजे १९८५ च्या अखेरपर्यंत, लष्करी मुख्यालयाचा कल सोफ्माकडे होता. तिचा पल्ला जास्त. ३१ जानेवारी १९८६ ला वैद्य निवृत्त झाले आणि जनरल सुंदरजी आले. फेब्रुवारीत मुख्यालयाने पसंती बदलली. शत्रूकडे तोफेचा ठावठिकाणा शोधणारी रडार येत आहेत, तेव्हा भराभर गोळे टाकून स्वतःच्या इंजिनावर जागा बदलणारी बोफोर्स बरी, असे कारण दिले गेले. २४ मार्च १९८६ ला ४१० तोफांचा, सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला.

त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १० ऑगस्टला, पुण्याच्या कॅम्पातून वैद्य स्वतः मारुती गाडी चालवत पत्नीसह घरी परतत होते. दिवस रविवारचा. मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सुवर्णमंदिराच्या कारवाईचा तो सूड होता. साठ वर्षांचा हा माणूस ज्या गाडीत गेला तिचा पत्रा पातळ होता. मारेकरी सुखा आणि जिंदा यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

पुढल्या एप्रिलात, १९८७ मध्ये, स्वीडिश आकाशवाणीने बोफोर्समधल्या लाचेची बातमी दिली आणि देशभर एकच प्रश्न घुमला : सैन्याची पसंती का बदलली? आधीच्या पसंतीविषयी ज्या एका लष्करप्रमुखाला विचारता आले असते, तो हयात नव्हता. लाचेच्या वादात तोफेचे गुण झाकोळले. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर याच बोफोर्सने, देवळालीला शिकलेल्या तोफचींच्या हातून, आपली किंमत वसूल करून दिली. माझे मत असे की तोफ चांगली होती आणि व्यवहार वाईट होता. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

नुकसान झाले ते पुढे. बोफोर्सच्या धसक्याने कुणी अधिकारी कुठल्या कागदावर सही करायला धजेना. नवी १५५ मिलिमीटर तोफ घ्यायला सैन्याला तीस वर्षांहून अधिक थांबावे लागले. मग ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत समारंभ झाला. अमेरिकेची हलकी एम-७७७ आणि कोरियन आराखड्यावरून गुजरातेत हजिऱ्याला बांधली जाणारी ‘के-९ वज्र’ सैन्यात दाखल झाल्या. वज्र म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारी, चिलखत ल्यालेली तोफ. लांबून पाहणारा तिला रणगाडाच समजतो. २०१९ मध्ये बोफोर्सच्याच आराखड्यांवरून जबलपूरला बांधलेली ‘धनुष’ आली. जुन्या रशियन १३० मिलिमीटर तोफांना १५५ ची नळी बसवून ‘शारंग’ करण्याचे कामही सुरू झाले. शर्मनवर नवी तोफ बसवण्याचीच ही पुढची आवृत्ती. वैद्यांना ती ओळखीची वाटली असती.