ताजुद्दीनबाबांची दावत

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात दावत म्हटली की पंगत आठवते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र बोलावणे; परधर्मीयांना इस्लामची ओळख करून देणे, हीही दावतच. या अर्थाचा विचार करताना मला नागपूरचे ताजुद्दीनबाबा आठवतात.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीस झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. फौजेतील नोकरी सोडून ते फकीर झाले. १८९२ साली त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथेही दर्शनाला रीघ लागली. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. पुढे बाबा काही काळ वाकीस राहिले. आपल्या सौंसर भागातून खाली वाहत जाणारी कन्हान त्याच गावाजवळून जाते. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. ताजबागेत त्यांचा दर्गा आहे.

राजे भोसले भक्त झाले, पण हिंदूच राहिले. मग ही दावत अपुरी राहिली काय? मला तसे वाटत नाही. बोलावणे देणे माणसाच्या हाती. स्वीकार ज्याचा त्याचा. धर्माविषयी बोलणाऱ्याच्या हेतूचीच आधी शंका घेतली जाते, अशा काळात हा भेद आपण विद्यार्थ्यांनी जपला पाहिजे.