गाठीमागचा माणूस

दोन-तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात एका बाजूला काहीतरी टणक लागते. मूल हसतखेळत असते, दुखतखुपत बहुधा काही नसते. तपासण्या होतात आणि डॉक्टर कागदावर लिहितात, विल्म्स ट्यूमर. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा हा कर्करोग. घराचे धाबे दणाणवणारे हे नाव ज्यांचे, ते माक्स विल्म्स जर्मनीतले. आखेनजवळच्या हुन्सहोवेन गावी १८६७ साली एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला.

ते सर्जन, पण सुरी हाती घेण्याआधी त्यांनी काही वर्षे विकृतिशास्त्रात, म्हणजे रोगट पेशींच्या अभ्यासात घालवली. ही उमेदवारी फुकट गेली नाही. अशा गाठी आधीही अनेकांनी पाहिल्या होत्या. परंतु एकाच गाठीत कुठे स्नायू, कुठे मूत्रपिंडाच्या अर्धवट नलिका, अशी सारी खिचडी! जो तो वेगळे नाव देई. विल्म्स यांनी जुन्या नोंदी चाळल्या, स्वतः पाहिलेली सात मुले त्यांत मिळवली आणि १८९९ च्या ग्रंथात सांगितले, की हे सारे एकाच मुळाचे. गर्भात अवयव घडताना मागे राहिलेल्या कोवळ्या पेशींचे.

रोग ओळखला, पण औषध नव्हते. मूत्रपिंड काढायचे, एवढेच हाती. आणि त्यानंतरही बहुतेक मुले दगावत. वैद्याला याहून मोठी शिक्षा नसावी. १९५० च्या दशकात बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध वापरले आणि चित्र पालटू लागले. आज शस्त्रक्रिया, औषधे आणि गरजेप्रमाणे किरणोपचार वेळेवर व पूर्ण मिळाले, तर दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. (पंधराच्या पुढच्या मुलांत मात्र बहुधा मोठ्यांना होतो तोच मूत्रपिंडाचा कर्करोग आढळतो; त्याचे उपचार निराळे.)

हे पाहायला विल्म्स नव्हते. बाझेलनंतर १९१० पासून ते हायडेलबर्गला प्राध्यापक होते. १९१८ च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, घटसर्पाने श्वास कोंडलेला एक फ्रेंच युद्धकैदी अधिकारी त्यांच्यापुढे आला. घटसर्प तेव्हा मुख्यतः मुलांचाच काळ. विल्म्स यांनी शत्रूचा गळा उघडून श्वासाला वाट करून दिली. अधिकारी वाचला. विल्म्स यांना मात्र तोच रोग जडला आणि काही दिवसांतच ते गेले. वय होते पन्नास.