पूर्ण शहाण्याची सही

साडेतीन शहाणे म्हटले की नाना फडणीस आठवतात. वास्तविक नाना त्यातले अर्धे, कारण त्यांनी तलवार गाजवली नाही. पूर्ण शहाणे होते सखारामबापू बोकील, सासवडजवळच्या हिवऱ्याचे.

बापू आधी राघोबादादांचे कारभारी, पुढे थोरल्या माधवरावांचेही. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि बापू नानांबरोबर बारभाईंत उभे राहिले. १७७६ चा पुरंदरचा तह या दोघांनीच इंग्रजांशी केला. पण बापूंनी राघोबांकडची खिडकी कधी पुरती लावून घेतली नव्हती. १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा यांनी राघोबांना परत आणण्याचा घाट घातला, तेव्हा बापूंचा हात त्यात असल्याचा वहीम नानांना आला. मोरोबा पकडले गेले. बापूंना मात्र नानांनी हात लावला नाही. वहीम होता, कागद नव्हता.

कागद मिळाला तो वडगावला. जानेवारी १७७९ मध्ये राघोबांना घेऊन पुण्यावर निघालेली इंग्रज फौज तिथे अडकली, राघोबा महादजी शिंद्यांच्या हाती आले आणि त्यांच्यापाशी असलेला बापूंच्या सहीचा कागदही. तो समोर ठेवून बापूंना कैद करण्यात आले.

बँकेत माझी उमेदीची वर्षे सह्या ताडून पाहण्यात गेली. सही तपासणारा एक, रक्कम मंजूर करणारा दुसरा, हा तिथला साधा रिवाज. इथे तपास नानांचा, निवाडा नानांचा आणि बापू गेल्यावर कारभारही एकट्या नानांचा. कागद ज्यांच्याकडून आला त्या राघोबांचा आणि शिंद्यांचाही आपापला हिशेब होताच. सही खोटी होती असे मी म्हणत नाही. बापूंचा स्वभाव पाहता ती खरीच असावी. पण दोन्ही घरचा पाहुणा म्हणून त्यांना ओळखून असलेल्या दरबारानेच इतकी वर्षे त्यांच्या त्या ओळखीचा उपयोग करून घेतला होता, हेही विसरता येत नाही.

सिंहगडावरून त्यांना प्रतापगडावर नेले. अफजलखानाच्या प्रसंगातले गोपीनाथपंत बोकील हे त्यांचेच पूर्वज. सोलापूरच्या वाचनालयात ग्रँट डफ वाचताना दिसले, की त्यानेही या योगायोगावर बोट ठेवले आहे. डफ पंतांना खानाचा वकील समजतो, आपल्या बखरी महाराजांचा. म्हणजे कोण कोणाचा माणूस, हा घोळ त्या घराण्याच्या कपाळी जुनाच!

प्रतापगडावरूनही बापूंना हलवले. १७८१ मध्ये रायगडावर, कैदेतच, ते वारले.