पेरोनीज डिसीज: हे नाव कुणाचं, आजार काय आणि ऑपरेशनशिवाय उपचार कोणते?



मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन आला. मी टेकवर लिहितो म्हणून गॅलरी, बॅकअप, पासवर्ड अशा अडचणी सगळे मलाच विचारतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. फोनवर काढलेला एक फोटो घरात दुसऱ्या कुणालाही कधीच दिसणार नाही याची खात्री कशी करायची, एवढंच त्याला हवं होतं. घरातल्या टॅबवर त्याचंच गूगल अकाउंट होतं आणि तो टॅब त्याची भाची कार्टून बघायला वापरायची. फोटो कसला, असं मी सहज विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग सगळंच सांगून टाकलं.

चार-पाच महिन्यांपासून लिंग ताठ झालं की वरच्या बाजूला वाकत होतं, दुखत होतं आणि त्वचेखाली कडक गाठ हाताला लागत होती. आपल्याला कॅन्सर झालाय असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. रीलमध्ये दिसलेल्या जाहिरातीवरून तेलाच्या बाटल्या मागवून साडेतीन हजार रुपये घालवले होते. शेवटी हिंमत करून युरोलॉजिस्टकडे गेला. डॉक्टरांनी तपासून पेरोनीज डिसीज असं निदान केलं आणि पुढच्या वेळी येताना घरीच ताठर अवस्थेतला फोटो काढून आणायला सांगितला.

फोटोचा प्रश्न आपण शेवटी सोडवू. पण त्या रात्री मी ते नाव सर्च केलं आणि आजाराआधी त्या नावाच्या माणसातच अडकलो.

हे पेरोनी कोण होते?

पूर्ण नाव फ्रांस्वा जिगो द ला पेरोनी. जन्म १५ जानेवारी १६७८, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात. वडील सर्जनच होते, पण तेव्हाचा सर्जन म्हणजे आजचा सर्जन नव्हे. त्या काळात फ्रान्समध्ये न्हावी आणि सर्जन एकाच संघात मोडायचे. दाढी करणं, गळू फोडणं, रक्त काढणं, तुटलेलं हाड बसवणं ही सगळी हाताची कामं आणि म्हणून हलकी. विद्यापीठात लॅटिन शिकलेला फिजिशियन हात न लावता निदान सांगायचा आणि मान त्याला मिळायचा. माँपेलिएचं वैद्यक विद्यापीठ तर अख्ख्या युरोपात नावाजलेलं. त्याच गावात सर्जनच्या पोराने वाढायचं म्हणजे आपली पायरी कुठली हे रोज कळायचं.

१६९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना सर्जन म्हणून काम करायची परवानगी मिळाली. मग ते पॅरिसला गेले आणि तिथल्या शारिते हॉस्पिटलात जॉर्ज मारेशाल या मोठ्या सर्जनच्या हाताखाली शिकले. परत गावी येऊन शरीररचना शिकवली, ऑपरेशनं केली, नाव कमावलं. १७१४ च्या सुमारास त्यांना पॅरिसला बोलावणं आलं आणि त्यानंतर ते तिथलेच झाले.

मारेशाल तेव्हा राजाचे प्रमुख सर्जन होते. गुरू-शिष्यांनी मिळून १७३१ मध्ये पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची रॉयल अकादमी उभी केली. सर्जनांनी आपापल्या केसेस लिहून आणायच्या, चारचौघांसमोर वाचायच्या, चर्चा करायची आणि मग छापायच्या. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण तोवर सर्जनचं ज्ञान उस्तादाकडून चेल्याकडे, हातातून हातात जायचं आणि बरंचसं त्याच्याबरोबरच संपायचं. १७३६ मध्ये मारेशाल गेले आणि पेरोनी पंधराव्या लुईचे प्रमुख सर्जन झाले. १७४४ मध्ये मेट्झ शहरात राजा मरणाच्या दारात पोचला, तेव्हा उपचार करणाऱ्यांमध्ये तेही होते.

त्यांचं सगळ्यात मोठं काम १७४३ चं. त्यांच्या प्रयत्नांमुळे राजाज्ञा निघाली आणि सर्जन व न्हावी कायद्याने वेगळे झाले. पॅरिसमध्ये सर्जन व्हायचं तर आधी विद्यापीठाची पदवी हवी असं ठरलं. फिजिशियन मंडळींनी जोरदार विरोध केला होता, पण हे मागे हटले नाहीत.

मग आजाराला त्यांचं नाव का?

त्याच १७४३ साली अकादमीच्या शोधनिबंधांचा पहिला खंड छापला गेला. त्यात पेरोनींनी वीर्यस्खलनाला येणाऱ्या अडथळ्यांवर लिहिलं. काही पुरुषांच्या लिंगात जपमाळेतल्या मण्यांसारख्या कडक गाठी होतात आणि ताठरता आली की लिंग त्या बाजूला वाकतं, असं त्यांनी नोंदवलं. हे पाहणारे ते पहिले नव्हते. सोळाव्या शतकात वेसालियस आणि फॅलोपियस या शरीरशास्त्रज्ञांनीही अशा गाठींबद्दल लिहून ठेवलंय. पण नीट वर्णन, रुग्णांच्या हकिगती आणि उपचार असं एकत्र मांडलं पेरोनींनी.

मला इथे थांबावंसं वाटलं. हा माणूस राजाचा सर्जन. अकादमीचा पहिला खंड, सगळ्या फ्रान्सचं लक्ष. प्रतिष्ठेसाठी एखादं शूर ऑपरेशन लिहून भागलं असतं. त्यांनी लाजेपोटी कुणी बोलत नाही असा विषय स्वतःच्या नावाने छापला.

उपचार काय सांगितला?

पिरेनीज पर्वतातल्या बारेझ गावचे गरम झरे! त्या पाण्याने गाठी विरघळतात असं त्यांचं मत होतं, कारण एका रुग्णाला त्याने गुण आलेला त्यांनी पाहिला होता.

हसू नका. आपणही फाइव्ह स्टार रिव्ह्यू वाचून तेल मागवतोच की. गडबड तीच आहे. या आजारात काही रुग्णांची वाकडेपणाची तक्रार काहीही न करता आपोआप थोडी कमी होते. साधारण दहातल्या एकाला हा फायदा मिळतो. बाकीच्यांपैकी अनेकांचं तसंच राहतं आणि जवळपास निम्म्यांचं वाढतं. म्हणजे ज्या एकाला बरं वाटलं तो झऱ्याचं, तेलाचं किंवा ज्या बाबाकडे गेला त्याचं नाव घेणार. ज्यांना गुण आला नाही ते रिव्ह्यू लिहायला येत नाहीत.

पेरोनींची ही चूक एकटी नव्हती. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची त्यांनी बारकाईने निरीक्षणं केली आणि आत्म्याचं स्थान मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात आहे असा निष्कर्ष काढला. नोंदी चोख, निष्कर्ष चुकीचा. पण नोंदी छापलेल्या असल्यामुळे पुढच्यांना निष्कर्ष तपासता आला.

२५ एप्रिल १७४७ रोजी व्हर्सायला त्यांचं निधन झालं. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी पॅरिस आणि माँपेलिएच्या सर्जनांच्या संस्थांना दिला. त्या पैशातून माँपेलिएमध्ये शरीररचना शिकवायचं सुंदर सभागृह उभं राहिलं. ती इमारत आजही आहे आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटललाही त्यांचंच नाव आहे.

आज आपल्याला काय माहीत आहे?

लिंगात ताठरतेसाठी रक्त भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक मजबूत, लवचिक आवरण असतं. पेरोनीजमध्ये या आवरणात व्रणासारखा कडक चट्टा तयार होतो. फुग्यावर एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगवून बघा: पट्टीची बाजू ताणली जात नाही, म्हणून फुगा तिकडे वाकतो. इथेही तेच होतं. संभोगात किंवा अन्यथा झालेल्या लहान-लहान इजा नीट भरून न येणं हे मुख्य कारण मानलं जातं. मधुमेह असणाऱ्यांत आणि हाताची बोटं आत वळवणाऱ्या ड्युपिट्रन या विकारात हा जास्त दिसतो.

तीन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. हा कॅन्सर नाही. हा संसर्ग नाही, जोडीदाराला लागत नाही. आणि हस्तमैथुनाचं पाप वगैरे तर मुळीच नाही.

आजार बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपास दिसतो, पण विशी-तिशीतही होऊ शकतो. मात्र लिंगाला थोडा बाक असणं अगदी नॉर्मल आहे. वयात आल्यापासूनच बाक असेल आणि गाठ, वेदना काही नसेल तर तो बहुधा जन्मजात असतो. ती वेगळी गोष्ट. बाक नव्याने आला, वाढतोय, दुखतंय किंवा गाठ लागतेय, तर डॉक्टर गाठा.

ऑपरेशनशिवाय काय करता येतं?

आजाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दुखतं आणि बाक बदलत राहतो. हा साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालतो. दुसऱ्यात वेदना थांबतात आणि बाक स्थिर होतो. ऑपरेशनचा विचार या दुसऱ्या टप्प्यातच करतात.

१. वेदनाशामक गोळ्या: पहिल्या टप्प्यातल्या दुखण्यासाठी. बाक यांनी जात नाही. बहुतेकांचं दुखणं काळाबरोबर थांबतं.

२. कोलॅजिनेज इंजेक्शन: हे एन्झाइम चट्ट्यातलं कोलॅजन तोडतं. अमेरिकेत २०१३ मध्ये याला मंजुरी मिळाली. बाक स्थिर आणि ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर विचार होतो. मोठ्या चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला आणि नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्यांतही १८ टक्के! बारेझच्या झऱ्याचं रहस्य या १८ मध्ये आहे. सूज आणि रक्त साकळणं नेहमीचं. क्वचित आवरण फाटण्याचा गंभीर धोकाही असतो, म्हणून हे प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच. सगळ्या देशांत हे मिळत नाही. युरोपच्या बाजारातून ते २०२० मध्ये कंपनीने व्यावसायिक कारणांनी काढून घेतलं.

३. व्हेरापामिल किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनं: चट्ट्यातच देतात. पुरावा तुलनेने कमी, पण काही रुग्णांत वापरतात.

४. ट्रॅक्शन उपकरण: रोज ठरावीक वेळ हलका ताण देणारं साधन. जुनी मॉडेल्स रोज कित्येक तास लावावी लागत, नव्यांना रोज अर्धा-एक तास पुरतो. चिकाटी लागते. ऑनलाइन दिसतं ते स्वतःच्या मनाने मागवू नका.

५. शॉकवेव्ह: वेदना कमी करू शकते, बाक सरळ करत नाही. सरळ करून देऊ म्हणणाऱ्या क्लिनिकपासून सावध राहा.

६. व्हिटॅमिन ई, ओमेगा-३ वगैरे गोळ्या: अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना या देऊ नका असं सांगतात, कारण फायदा दिसलेला नाही.

आणि तेल? ते त्वचेवर राहतं, चट्टा आत आवरणात असतो. शिवाय लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रील दिसली की रिपोर्ट करा.

एक इमर्जन्सी लक्षात ठेवा: संभोगात कट असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली आणि सूज आली, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

आता तो फोटो

डॉक्टरांना बाक किती अंशांचा आहे हे मोजायचं असतं आणि क्लिनिकमध्ये ताठरता येईलच असं नाही. म्हणून घरचा फोटो खरंच उपयोगी पडतो. एक वरून, एक बाजूने, चेहरा न दिसता.

फोटो काढायच्या आधी क्लाउड बॅकअप बंद करा. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर तयार करून फोटो तिथे हलवा आणि त्या फोल्डरचा बॅकअप बंद आहे ना ते बघा. अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं तर हे फोटो जातात, तेवढं ध्यानात ठेवा. आयफोनवर हिडन अल्बम फेस आयडीने लॉक असतो, पण आयक्लाउड चालू असेल तर हे फोटो दुसऱ्या उपकरणांवरही पोचतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. व्ह्यू वन्स असलं तरी समोरचा दुसऱ्या फोनने फोटो काढू शकतो. तपासणीच्या खोलीत स्वतःच्या फोनवर दाखवा आणि काम झालं की डिलीट करा, ट्रॅशमधूनसुद्धा.

मित्राला त्या रात्री हे सगळं फोनवर एकेक पायरी करून दिलं. फोन ठेवायच्या आधी त्याला म्हटलं, आता बायकोला सांग. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. ती बरेच दिवस वेगळंच काहीतरी समजून बसली होती, हा आपल्याला टाळतोय म्हणून.

आता त्याचं दुखणं थांबलंय. ट्रॅक्शन चालू आहे, बाक थोडा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तो आता रात्री साडेअकराला फोन करत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी गुपचूप तेल मागवत असेल, तर हा लेख त्याला पर्सनल चॅटवर पाठवा. ग्रुपवर नको!