तालमीतून प्रयोगशाळेत : स्वामी कुवलयानंद

जामसर-जव्हारच्या डोंगरवाटा रोज चढणाऱ्या मुलांना दम कसा टिकवावा हे शिकवावे लागत नाही. परंतु हा दम येतो कोठून, पोटाचा कोणता स्नायू केव्हा हलतो, हे तपासून पाहण्यासाठी एका शिक्षकाने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे मराठी कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची. तरीही मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोद्याच्या कॉलेजात शिक्षण घेतले. त्याच शहरात १९०७ ते १९१० या काळात ते प्रोफेसर माणिकराव यांच्या व्यायामशाळेत अंगमेहनत करीत होते. या व्यायामशाळेचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे बडोद्याचे मुसलमान उस्ताद, माणिकरावांचे गुरू. शिष्याने आपल्या संस्थेला उस्तादाचे नाव द्यावे, याहून मोठी गुरुदक्षिणा ती कोणती! गुणे यांची शरीरविद्या अशी जुम्मादादांच्या घराण्यातली.

पुढे अमळनेर येथे त्यांनी शिक्षकी पत्करली व तेथील राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. ते दिवस असहकाराचे होते. १९२३ मध्ये ते कॉलेज बंद पडले. दुसरा एखादा सरकारी नोकरीच्या शोधात निघाला असता. गुणे यांनी मात्र मनात बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न हाती घेतला. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले होते. तेथे पाहिलेल्या क्रिया शरीरात नेमके काय करतात?

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढतात. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढतात. नौली करणारा पाण्यात बसला की पाणी आपोआप आतड्यात चढते. का चढते, याची उत्तरे लोक ऐकीव गोष्टींवरून देत. १९२४ मध्ये बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात गुणे यांनी या क्रियांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली आणि आतड्यातील दाबही मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरील हवेपेक्षा कमी होतो व म्हणून पाणी आत ओढले जाते, असे दिसून आले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

त्याच वर्षी लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि 'योगमीमांसा' त्रैमासिक निघू लागले. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी सर्वांची समजूत होती, आजही पुष्कळांची आहे. त्यांच्या मोजमापाने तिला दुजोरा मिळाला नाही. योगाचा अभिमानी माणूस असे आकडे दडवू शकला असता. त्यांनी ते छापले!

१९२७ मध्ये महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. दहा वर्षांनी मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि तालमीतला विषय शाळेच्या वेळापत्रकाच्या विचारात आला. लग्न त्यांनी केले नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कैवल्यधामाचे काम लोणावळ्यात आजही चालू आहे.