एका गीताची जन्मकथा : सॅम कूक

मानाची भाकर मिळाली नाही तर कीर्तीचे पक्वान्नही गोड लागत नाही. हे ज्याच्या चरित्रावरून आम्हांस उमगले, त्या गायकाची ही हकीकत.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेल गावी, २२ जानेवारी १९३१ रोजी एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी सॅम कूकचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब शिकागो शहरी गेले. आपल्याकडे देवळातील भजनात मुलांचा गळा तयार व्हावा, तसा सॅमचा गळा चर्चमधील भक्तिगीतांनी तयार झाला. १९५७ साली त्याचे ‘यू सेंड मी’ हे प्रेमगीत देशात अग्रस्थानी पोहोचले. भक्तिगीतांची आर्तता लौकिक गीतांत उतरविणाऱ्या या गायकीस पुढे ‘सोल’, म्हणजे आत्म्याचे संगीत, असे नाव पडले.

गोऱ्यांच्या घरीही त्याच्या तबकड्या वाजू लागल्या. पण ८ ऑक्टोबर १९६३ रोजी श्रीव्हपोर्ट शहरी एका हॉटेलाने राखून ठेवलेली खोली त्यास नाकारली. त्याने जाब विचारला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपावरून त्यालाच अटक झाली.

त्याच वर्षी बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचे ‘ब्लोइंग इन द विंड’ हे गीत त्याने ऐकले होते. आपल्या बांधवांचे दुःख परक्याने गावे आणि आपण मौन धरावे, ही खंत त्यास लागली. तसे गीत गायिल्यास गोरे श्रोते दुरावण्याचे भयही होतेच. अखेर खंतीने भयावर मात केली. ‘ए चेंज इज गॉना कम’, म्हणजे ‘परिवर्तन येणार आहे’, हे गीत त्याने रचले आणि ३० जानेवारी १९६४ रोजी ध्वनिमुद्रित केले.

त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी बंदुकीच्या गोळीने त्याचा अंत झाला. वय अवघे तेहतीस. त्यानंतर थोड्याच दिवसांत गीताची स्वतंत्र तबकडी निघाली; वर्णभेदावर बोट ठेवणारे कडवे तीतून गाळलेले होते. तरीही नागरी हक्कांच्या चळवळीने ते गीत आपलेसे केले. ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन अशा थोर गायकांनी ते पुन्हा गायिले. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. आणि २०१९ साली श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी झाल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

विद्यार्थिमित्रांनो, ही क्षमा यावयास छपन्न वर्षे लागली. ती ऐकावयास सॅम नव्हता. गोड गळा ही दैवी देणगी खरी. पण ती कोणासाठी खर्चावयाची, हे ज्याचे त्यासच ठरवावे लागते. सॅमने ते ठरविले, म्हणूनच त्याचे गीत आजही गायिले जाते, असे आम्हांस वाटते.