डेल्सफर्डचा वारस

इंग्लंडमधील डेल्सफर्डची वडिलोपार्जित जहागीर वॉरन हेस्टिंग्जच्या जन्मापूर्वीच (१७३२) घराण्याच्या हातून गेली होती. ती परत मिळवण्याचा ध्यास त्याने बालपणीच घेतला. महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह करणारा हा गव्हर्नर-जनरल १७८५ मध्ये मायदेशी परतला. १७८८ मध्ये त्याने डेल्सफर्ड विकत घेतले आणि त्याच वर्षी त्याच्यावरील महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. वास्तुविशारद सॅम्युअल पीप्स कॉकरेल याने तेथे अभिजात शैलीतील दगडी हवेली उभारली. तिच्यावर घुमट मात्र भारताची आठवण देणारा चढला. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चाने पुरता खंगला. कंपनीच्या निवृत्तिवेतनाने हवेली वाचली. पेशवाई बुडाली त्याच वर्षी, १८१८ मध्ये, त्याने तेथेच देह ठेवला.